टोपण तेवढं बदलू नको

सेलू,
ता. ६ जानेवारी २०२५

ती. आबांस,
येडबाचा स. न. वि. वि.

पत्र आलं म्हणून घाबरू नका, मी खुशाल हाय. चंदीनं धमकी दिली, म्हणली, दादा, फोन करशील तर तुझा नंबर बंद करून टाकीन, पत्र लिव. तिचं म्हणणं, मी फोनवर उलटेसुलटे सवाल इचारतो अन् तुमी नखानं ठोकून ठोकून दमता. एकदा ठोकलं की हौ, दोनदा ठोकलं की न्हाई. पर आबा, मागल्या बारीला मी इचारलं की लग्नाच्या दिवशी आजी तुमच्यापरीस दांडगी दिसत व्हती का, तवा तुमी एकदा ठोकलं, मागून आजीचा आवाज आला, अन् मंग घाईघाईनं दोनदा ठोकलं. ते ठोके मी जिंदगीभर इसरणार न्हाई. डॉक्टरनं गळ्यातली गाठ काढली, संगं तुमचा आवाजबी नेला, पर तुमचा खट्याळपणा त्याच्या हाताला लागला न्हाई.

तुमचं गाठोडं जिंतूरच्या बसच्या कंडक्टरनं दुकानात आणून दिलं. वरून सुतळी, तिच्या आत फडकं, फडक्याच्या आत लोकर. भगवानराव मालकाला वाटलं घरून धपाटे आलेत. ते खुर्ची सोडून आले, मी लोकर उकलली, अन् सगळ्या दुकानात मेंढवाडा उतरल्यावाणी वास सुटला. दोन गिऱ्हाईकं मोबाईल न घेताच बाहेर जाऊन उभी राहिली. मालक म्हणले, येडबा, तुझ्या घरचे लोकं मेंढरू बी असंच पार्सलनं धाडतेत का.

आता लोकरीतून निघालेल्या पेनाचं ऐका. नळीला उभी चीर हाय. निबचे दोन दात एकमेकावर चढलेत, भांडलेल्या जावांवाणी तोंडं फिरवून बसलेत. निबच्या खाली जी काळी पट्टी असती, जिच्यावरून शाई येती, तिला जीभ म्हणतेत, ती मधूनच तुटलीय. आतली शाईची रबरी नळी वाळून पालीच्या शेपटावाणी झालीय. टोपणाची क्लिप गायब. थोडक्यात, आबा, ह्याला पेन म्हणायचं ते तुमच्या इज्जतीसाठी.

मी मोबाईल जोडणारा माणूस. धाव्वीत दोनदा आपटलो, तवापासून पेनाशी माझं वैर हाय. तरी करीन. पर एक सांगा, ह्या मेलेल्या पेनासाठी जीव कामून टाकायलाव? बॉलपेन दाबावं लागतंय अन् आपरेशनपासून तुमच्या उजव्या हातात जोर न्हाई, हे मला कळतंय. पर स्केच पेन हाय की. नुस्तं टेकवलं की उठतंय. धाडू का?

पाकिटात चंदीसाठी एक वस्तू हाय, तिलाच उघडू द्या. लोभ तुमचा माझ्यावर आधीच गरजेपरीस जास्त हाय, कमी करू नका.

तुमचा नातू,
येडबा

---

वस्ती, ता. जिंतूर,
ता. १२ जानेवारी

ती. दादास,
नमस्कार. नमस्कार तुला न्हाई, तुझ्या वयाला हाय.

पाकिटातून रबराची पाल निघाली. आजीनं ती खरी समजून झाडणीनं मारली, मरंना म्हणून आणखी मारली, अन् मंग म्हणली ही सेलूची पाल हाय, तिकडल्या मेल्या लय चिवट असतेत. मीबी तुला पुडीत काळे मणी धाडलेत. आपल्या गाभण शेळीनं दिलेत. माळ करून घाल.

आता आबाचं. ते परातीतल्या राखंत बोटानं लिवतेत, मी वाचून कागदावर उतरवते, मंग ते तळहातानं राख सारखी करतेत अन् म्होरलं लिवतेत. शब्द त्यायचे, चुका माझ्या.

"येडबा, तुझा मायना चुकला. स. न. हे सोबत्याला लिवतेत. आजाला सा. न. लागतंय, सगळं अंग भुईला टेकून. तू नुस्ता हात हलवलास.

मायन्याला हसू नको. सगळी जिंदगी मी वस्तीतल्या लोकायचे पत्रं लिवले. उसावर गेलेल्यायला घरचे, घरच्यायला उसावरचे. खबर त्यायची असायची, मायना माझा. मायन्यातच सगळं असतंय, खाली नुस्ती खबर असती. लेकरावर राग आसला की बाप चि. घालत न्हाई. चि. काढलं म्हणजे घरातून काढलं. लेकीचं लग्न मान्य नसलं की तिच्या नावाम्होरं सौ. घालत न्हाईत. लोकं म्हणायचे, आप्पाराव, चि. घालू नका. मी घालायचो न्हाई. घरी बसलेल्या मायबाईचं तोंड बघायचो न्हाई.

स्केच पेन नको. हे पेन तुझ्या विजूआत्याचं हाय. धाव्वीत गेली तवा परभणीहून आणलं व्हतं. तिनं शिवशंकरशी आपल्या मनानं लग्न केलं अन् पूर्णेला गेली, त्या दिवशी मी ते जात्यावर आपटलं. अन् खंडोबाम्होरं भंडारा उचलून म्हणलो, हिच्याशी बोलणार न्हाई, मेलो तरी तोंड दावणार न्हाई. तुझ्या आजीनं तुकडे येचून ठिवले, मला आता कळलं. जे आपटलं त्याच्यानंच लिवायचं हाय. बोलणार न्हाई म्हणलो व्हतो. लिवणार न्हाई असं देवाला म्हणलो न्हाई."

एवढं लिवून आबा दमले. आता माझं ऐक, हे त्यायला दावणार न्हाई.

दिवाळीत आत्याचा फोन आला व्हता. आपरेशनची खबर तिला कोणाकडून तरी लागली. मी फोन आबाच्या कानाला लावला. सगळ्यायला ठोकतेत, तिला ठोकलं न्हाई. ठोकणं बी बोलणंच हाय, भंडारा मोडतो, असं मागून राखंत लिवलं. तिकडं आत्या नुस्ता श्वास ऐकत लय येळ थांबली अन् फोन ठिवला. तिला वाटलं आसंल, राग अजून हाय.

मी म्हणलं, राखंत लिवा, फोटो काढून आत्याला धाडते. तर माझ्याकडं असं बघितलं की मी परात घिऊन उठलेच. लेकीचं नाव राखंत लिवत न्हाईत म्हणे, राखंत नाव मेलेल्याचं. मंग म्हणलं, मी लिवते तुमच्या वतीनं. तर म्हणले, ज्यानं भंडारा उचलला त्याच्या हातानं.

अन् दादा, गाठ परत आलीय. डॉक्टर म्हणलेत आता चिरायचं न्हाई. अप्पाला फोनवर सांगितलं तर ते नुस्तं बरं बरं म्हणत राहिले. आई-अप्पाला उसाची टोळी सोडून मधीच येता येत न्हाई. घरात मी, आजी अन् आबा. तू पेन लवकर कर. मोबाईल काय, लोकं दुसरा घेतेत.

जीव लावतोस तेवढा लावीत जा, पाली धाडू नको.

तुझी बहीण,
चंदा

---

सेलू,
ता. १९ जानेवारी

ती. आबांस,
येडबाचा सा. न. वि. वि. ह्या बारीला सगळं अंग भुईला टेकलंय. दुकानात जागा कमी, मालक पाय देऊन गेले.

तुमचं पत्र वाचलं. मायन्याचं मला ठाऊक नव्हतं. आत्याबी मला लय आठवत न्हाई. ती मला कडंवर घिऊन शेरडं दावायची एवढंच ध्यानात हाय, अन् तिच्या दंडाला साबणाचा वास यायचा. चेष्टा बंद, आता कामाचं सांगतो.

पेन सुटं करून रात्रभर गार पाण्यात ठिवलं. ऊन पाणी घालू नये, नळी वाकडी होती असं एका जुन्या घड्याळवाल्यानं सांगितलं. सकाळी बघितलं तर वाटीतलं पाणी निळं. आबा, ती आत्यानं भरलेली शाई. इतके वर्सं निबच्या पोटात बसली व्हती. ते पाणी टाकू वाटंना. मालकानं वाटी मागितली तवा टाकलं.

निबचे दात मोबाईलच्या भिंगाखाली धरून, पितळी पट्टीवर टेकवून, नखानं थोडे थोडे सरळ केले. एका वक्ताला एक केसभर. जास्त जोर दिला की तुटतंय. मी जल्मात एवढ्या सबुरीनं काही केलं न्हाई. मालक म्हणले तुला ताप आलाय का.

जीभ अन् नळी नवी भेटंना. इथं पेनं इकतेत ती वापरा अन् फेका. शेवटी बाजारात एका भंगारवाल्याकडं मोडक्या पेनाचा डबा घावला, त्याच्यात तुमच्या पेनाचा जुळा भाऊ. निब गेलेली, बाकी धडधाकट. भंगारवाला तरणा पोरगा हाय, लय भाव खायला लागला. मी म्हणलं, माझा आजा जाणता हाय, तो म्हणतो, बिनानिबचं हिरवं पेन ज्याच्या दुकानात असतंय त्याला पोरगी भेटत न्हाई. त्याचं कुठंतरी जुळायलंय म्हणं. त्यानं पेन माझ्या हातात कोंबलं अन् डबाबी झटकून घेतला.

आत शाईसाठी सायकलच्या चाकातली व्हॉल्वट्यूब बसवली. तिच्यात शाई थोडीच मावती. पर एका पत्राला किती लागती? असं हे पेन हाय आबा: निब आत्याची, जीभ परक्याची, नळी परक्याची, पोट सायकलचं. तुमचं टोपण मात्र अगदीच खलास झालंय, क्लिप न्हाई, अन् वरच्या टोकाला कोणी तरी चावून चावून नक्षी काढलीय. भंगारातलं टोपण झक्कास हाय. तेच लावतो.

पर एक मसला हाय. सगळं जोडलं, शाई भरली, अन् पेन लिवत न्हाई. शाई निबवर येती, थेंब होती, अन् अळूच्या पानावरल्या पाण्यावाणी घरंगळून जाती. कागदावर उतरायचं नाव न्हाई. चार दिस झाले, खोलतो अन् जोडतो. मालक म्हणले निबची चीर रुंद कर. मला धीर व्हईना. एक निब हाय, ती गेली की गेलं.

आजीला म्हणा, तुमी तुकडे जपले म्हणून निब वाचली. घावल तिथून हिकमत काढतो. तवर तुमी पेज पीत राहा, हा हुकूम समजा, अन् हुकूम दिला म्हणून कान पिळायला मी आल्यावर हात शिल्लक ठिवा.

तुमचाच,
येडबा

---

वस्ती,
ता. २७ जानेवारी

दादा,
आज मायना नीट घालायला जीव न्हाई, माफ कर.

आबाला पेजबी उतरंना. गळ्याला हात लावून पडून असतेत. तुझं पत्र मी वाचून दावलं. भंगारवाल्याचं आलं तवा हसले. हसले म्हणजे खांदे हालले. निळ्या पाण्याचं आलं तवा तोंड भिताडाकडं केलं.

त्यायचं उत्तर एवढंच हाय: "टोपण तेवढं बदलू नको. गणित आडलं की ती टोपण चावायची. मी लय बोलायचो."

हे लिवायला सकाळ गेली. आधी परातभर लिवायचे, आता एकेक शब्द. कालपासून नुस्तं "पेन" लिवतेत अन् माझ्याकडं बघतेत. मी म्हणते, येणार हाय, दादा करायलाय. राख सारखी करायचंबी सोडून दिलंय. तसंच राहतंय परातीत, पेन.

आजी दिवसभर पायथ्याशी बसून असती. काल मला म्हणली, त्या दिवशी तुकडे चुलीत घातले असते तर आज ह्या माणसाला वाट बघावी लागली नसती. मी तिला लय रागं भरले. मंग दोघीबी रडलो.

दादा, एक इचार आलाय. राग येऊ देऊ नको. तू शाळेत अप्पाच्या सह्या मारायचास, मास्तरला अन् अप्पाला दोघायला कळलं न्हाई. आबाचं अक्षर तुला हुबेहूब जमतंय, तू त्यायच्या नावानं सरपंचाला पत्र लिवून आपल्या बकरीला रेशन मागितलं व्हतंस. तूच लिव आत्याला. दोन वळी. ये म्हणून. आत्याला काय कळणार हाय? ती येईल तरी. आबाचे डोळे उघडे हायत तवर येईल. पाप आसलं तर माझ्या नावावर घाल.

काही तरी कर. तुझ्या हिकमतीवरच आता भरवसा हाय.

चंदा

---

सेलू,
ता. ३० जानेवारी

चंदी बकरीस,
तुझ्या दादाचा एक टोला, अन् मागून डोक्यावर हात.

तू म्हणलीस ते मी केलं. परवा दुकान बंद झाल्यावर बसलो अन् आबाच्या अक्षरात लिवायला घेतलं. तोच लांब वेलांटीचा झोक, तोच र मोडका. सोता आबा फसले असते. चि. लिवलं अन् हात थांबला. चंदे, अप्पाच्या सह्या मारल्या त्या माझ्या नापासाखाली. ते माझंच व्हतं. हे चि. माझं न्हाई. मी लिवलं तर आत्याला घरात मी घेतलं, आबानं न्हाई. मी कोण? मी तर तवा तिच्या कडंवर व्हतो. कागद फाडून चहाच्या कपात बुडवला. मालकानं तोच कप उचलला, ती गोष्ट येगळी.

आता खरी खबर. पेन लिवायला लागलं.

झालं असं. वैतागून निब डोळ्याजवळ नेली तर नाकाला वास आला. मेंढराचा. एवढं पाण्यात ठिवून, एवढं पुसून, निबला मेंढराचा वास. अन् डोक्यात उजेड पडला. पावसात आपलं मेंढरू वरून भिजतंय पर आत भिजत न्हाई, पाणी घरंगळून जातंय, ते कशानं? लोकरीच्या चिकटीनं. आजीनं तुकडे मऊ राहावं, आदळू नये म्हणून ताज्या कातरलेल्या लोकरीत ठिवले. इतके वर्सं ती चिकटी निबच्या चिरंत जाऊन बसली. साध्या पाण्यानं ती जात न्हाई. अन् मी दीडशहाणा, सुटे भाग सांडू नयेत म्हणून रोज त्याच लोकरीवर मांडायचो. भंगारातल्या जिभंलाबी तीच चिकटी लावली. शाई उतरंल कशी? आपलं पेन मेंढरू झालं व्हतं.

मंग घोंगडीची लोकर धुतेत तसं धुतलं. रिठे भिजवले, फेस केला, दात घासायच्या ब्रशनं निब, जीभ, सगळं घासलं. वाळवलं, जोडलं, शाई भरली, अन् कागदाला टेकवलं. दाबलं न्हाई, नुस्तं टेकवलं. उतरली, चंदे. निळीभोर. मी नुस्ती एक आडवी रेघ मारली. अक्षर काढलं न्हाई. पहिलं अक्षर आबाचं.

टोपण आत्याचंच ठिवलंय. क्लिप न्हाई, म्हणून गडगडून जाईल, सांभाळ.

अन् हे नीट ध्यानात ठिव. लोकरीचं आजीला सांगायचं न्हाई. कधीच न्हाई. इचारलं तर म्हण, रबर मिळत नव्हतं म्हणून उशीर झाला. तिनं जपलं म्हणून पेन झालं, तिला तेवढंच ठाऊक असू दे.

पेन अन् शाईची बाटली दुपारच्या बसनं धाडतो. मी सोताच आलो असतो, पर मालक भाचीच्या लग्नाला गेलेत, दुकानाच्या चाव्या माझ्यापाशी. ते आले की निघतो. शाई भरायची तर रबर दाबून धर, निब बाटलीत बुडव अन् हळू सोड. आबाला म्हण, जोर लावू नका, पेनच म्होरं चालतंय.

त्यायला धरून ठिव. मी आलोच. माया पातळ व्हऊ देऊ नको.

येडबा

---

वस्ती,
ता. १ फेब्रुवारी

ती. दादास,
चंदाचा सा. न. वि. वि.

पेन पोचलं. तू यायच्या आत हे पत्र पोचंल का न्हाई ठाऊक न्हाई, पर आज लिवल्याबगर झोप यायची न्हाई.

आबानं आधी टोपण हातात घेतलं. वरच्या टोकावर अंगठा फिरवत राहिले. मंग राखेची परात लांब सार म्हणून खुणावलं. मला वाटलं पाणी पाहिजे, तर हात म्होरं केले. धुवायचे व्हते. बोटाला राख लागलेली. आजीनं ऊन पाण्यानं त्यायचे हात धुतले, नखाखालचं बी काढलं, अन् पदरानं पुसले. मी माझी शाळेची पाटी मांडीवर ठिवली, तिच्यावर कागद. आजीनं मागून कोपर धरलं.

मायना लिवला. एका अक्षरानंतर थांबायचे, डोळे मिटायचे. शेवटल्या शब्दाला वळ खाली उतरत गेली. मंग पेन हातातून सुटलं अन् अंथरुणात गडगडलं. मी टोपण लावून उशाला ठिवलं. इचारलं, आबा, बाकीचं उद्या लिवायचं? त्यायनं बाजीच्या लाकडावर नखानं ठोकलं. एकदा.

काय लिवलंय ते मी सांगणार न्हाई. दुसऱ्याचं पत्र वाचू नये. (वाचलंय.)

शाई अजून पोटात हाय. उद्या बाकीचं.

तू आणखी एखाद्या भंगारवाल्याचं लग्न मोडशील तवा मला आधी सांगत जा.

तुझी,
चंदा

---

पूर्णा,
ता. १६ फेब्रुवारी

चि. चंदा हिस,
तुझ्या दादाचे अनेक आशीर्वाद.

तेरावा झाला की कागद घिऊन आत्याकडं जा म्हणून तू माझ्या मागं लागलीस, बरं केलंस. अप्पानं तिला आबा गेले त्या दिवशी फोन केला व्हता, पर ते उसावरून तसेच धावत आलेले, त्यायला ह्या कागदाचं काहीच ठाऊक नव्हतं. आत्यानं त्यायला एकच इचारलं, आबानं माझं नाव घेतलं का. अप्पा म्हणले, आवाजच नव्हता बाई, नाव कशानं घेतील. मंग ती म्हणली, भंडारा त्यायचा हाय, मी येऊन कशी मोडू. अन् आली न्हाई. हे मला तिनंच सांगितलं.

घर सापडलं. रेल्वेच्या क्वार्टरात मागल्या रांगंत. मी दारात उभा राहिलो तर तिनं मला वळखलं न्हाई. मी म्हणलं, तुमच्या कडंवर बसून शेरडं मोजणारा. तिच्या हाताला पीठ व्हतं, तसंच माझं तोंड धरलं. आता माझ्या गालाला पीठ हाय ते मी पुसलं न्हाई.

मी पिशवीतून दोन वस्तू काढल्या, पेन अन् कागद. तिनं पेन आधी घेतलं. टोपण बघितलं. मंग काय केलं म्हणतीस? टोपणाचं टोक दाताखाली धरलं. आपसुकच. अन् लगीच काढलं, दाराकडं बघत, कोणी रागं भरंल असं.

हात धुऊन आली अन् कागद उघडला. तुला तर ठाऊक हाय, तरी मी इथं उतरवतो, कारण माझ्या हातानं एकदा लिवावं वाटायलंय:

"चि. सौ. विजयमाला शिवशंकर हिस, आप्पारावचे अनेक आशीर्वाद."

आत्यानं एक एक शब्दाखाली बोट धरून वाचलं, पहिलीतल्या लेकरावाणी. चि. वर थांबली. सौ. वर लय येळ थांबली. मंग शिवशंकरमामाच्या नावावर बोट ठिवलं अन् त्यायला आतून हाक मारली. मामा रात्रपाळी करून झोपले व्हते. त्यायनं उभ्यानंच वाचलं, कागद परत दिला, अन् मोरीत जाऊन तोंड धुवायला लागले. नळ लय येळ चालू व्हता.

मंग तिनं खाली बघितलं. खाली कागद कोरा. पलटून बघितला, मागंबी कोरा. माझ्याकडं बघितलं. चंदे, आबाचं अक्षर माझ्या बोटात हाय. इथं यायच्या आधी बसमधी कागद मांडीवर घिऊन मी दोनदा पेन उघडलं व्हतं. ये, एवढं एकच अक्षर. तरी मी हात लावला न्हाई. मी म्हणलं, आत्या, बाकीचं उद्या लिवणार व्हते. त्यायनं बाजीवर ठोकून हौ म्हणलं व्हतं. ती म्हणली, ठोकून? मंग मी तिला एक ठोका अन् दोन ठोक्याचं सांगितलं, अन् तिच्या फोनला कामून ठोकलं न्हाई तेबी सांगितलं. मला वाटलं ती रडंल. तर ती हसली. म्हणली, देवालाबी कायद्यात पकडणारा माणूस. मंग रडली.

पेन मागितलं. मी उघडून दिलं. आबाच्या वळीच्या खाली, मधी जागा सोडून, तिनं लिवलं: "ती. आबांस, विजूचा सा. न." अन् शाई सरली. सायकलच्या पोटात मावती किती. मी पिशवीतून बाटली काढायला लागलो तर तिनं मान हालवली. कागदाची घडी घातली अन् देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाखाली ठिवली, भंडाऱ्याच्या वाटीजवळ. एवढ्या वर्साच्या भांडणाचा एवढाच कागद, अन् तोबी अर्धा कोरा.

हे पत्र मी मंग शाई भरून लिवायलोय. पेन आता इथंच राहील. आत्यानं इचारलं, जुळणी कोणी केली. मी लय फुशारकी मारली, मामा हसले. मंग इचारलं, तुकडे कोणी जपले. मी आजीचं नाव सांगितलं. कशात जपले ते सांगितलं न्हाई. तूबी जपून राहा.

उद्या सकाळच्या गाडीनं आत्या, मामा अन् मी निघतो. संध्याकाळपर्यंत वस्तीवर येऊ. तुझ्या फोनला रेंज घावंना, म्हणून हे पत्र रात्रीच्या गाडीनं सेलूला जाणाऱ्या मामाच्या सोबत्याजवळ देतो, सकाळच्या जिंतूर बसनं ते आमच्या आधी पोचंल. आजीला आधी सांग, एकदम दारात बघितलं तर तिला सोसायचं न्हाई. परातीतली राख तिनं अजून काढू दिली न्हाई, मला ठाऊक हाय. उद्या मात्र काढून घे. लेक घरी यायलीय.

मायना बराबर हाय का बघ. खाली नुस्ती खबर हाय.

तुझा दादा,
येडबा